सासऱ्याची सीडी आणि जावयाचा लॅपटॉप

इमारतीची सभा असली की मी मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसतो आणि सभा संपेपर्यंत तोंड उघडत नाही. या धोरणामुळे माझ्याकडे आजवर ना पाण्याच्या टाकीची चावी आली, ना लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला फोन करायचं काम आलं. पाणीपुरवठा खात्यात बिलांच्या विभागाचा मी मुख्य कारकून आहे. गप्प बसून माणूस किती वर जाऊ शकतो, याचा मला चांगला अनुभव आहे. त्या रविवारी मात्र जीभ घसरली.

विषय साधा होता. तळमजल्यावर नवा हॉल बांधून झाला होता आणि त्याच्या उद्घाटनाला संध्याकाळी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठेवायचा होता. आमचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "एखादा डीजे बोलवू."

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "डीजे म्हणजे नेमकं कोण?"

"गाणी लावणारा माणूस."

"गाणी लावायला माणूस कशाला? बटण असतं."

"तसं नाही साहेब. एक गाणं संपायच्या आत तो दुसरं त्यात बेमालूम मिसळतो. मध्ये फट राहू देत नाही."

दातांच्या डॉक्टरला फटीचं वावडं असावं हे मी समजू शकतो. इथवर सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात मोजमाप उभे राहिले. मोजमाप म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूमापक. त्यांचं खरं नाव इमारतीत फक्त पोस्टमनला ठाऊक आहे. ते म्हणाले, "बाहेरचा माणूस कशाला? यांच्याकडे सीडी आहेत की. कपाटभर. साडेपाच फुटी कपाट आहे, मी पाहिलंय."

सगळ्या माना मागे वळल्या. मी "बघू" म्हणायला हवं होतं. सरकारी नोकरीत पहिल्या आठवड्यात शिकवतात तो शब्द. पण माझ्या सीडींबद्दल चारचौघांत कोणी चांगलं बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. घरात त्यांचा उल्लेख 'ती अडगळ' असाच होतो. मी म्हणालो, "वाजवीन की. सीडी प्लेयरवर. खरे डीजे सीडीवरच वाजवतात."

यातलं शेवटचं वाक्य बोलायची काहीही गरज नव्हती. ते मी कुठल्याशा प्रतीक्षालयातल्या जुन्या मासिकात वाचलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "पण तुमचे जावईही डीजे आहेत ना? माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनीच वाजवलं. लॅपटॉपवर. उत्तम झालं होतं."

जावई सुटीच्या दिवशी हौस म्हणून कुठे कुठे गाणी वाजवायला जातो हे मला माहीत होतं. ते उत्तम होतं ही बातमी नवीन होती.

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा घातला. "म्हणजे दोन पक्ष झाले. एक सीडीचा, एक लॅपटॉपचा. दोघांचं ऐकून घेतल्याशिवाय निर्णय देणं योग्य नाही. उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी दोघांनी हॉलमध्ये नमुना वाजवून दाखवावा. तुलना करून ठरवू."

अशा रीतीने मी, तोंड न उघडणारा माणूस, माझ्याच जावयाविरुद्ध उभा राहिलो.

बायको शाळेत ग्रंथपाल आहे. ती आवाज चढवत नाही, खाली आणते. मी घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा ती इतक्या हळू बोलली की मला जवळ जावं लागलं.

"जावयाशी स्पर्धा?"

"स्पर्धा नाही गं. तुलना."

"जावई आहेत ते. घरात आले की आपण उठून खुर्ची देतो. आणि तुम्ही त्यांना आव्हान देऊन आलात."

इथे माझं आणि जावयाचं नातं थोडं सांगायला हवं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि एवढ्या काळात आमच्यात एकही असं वाक्य झालं नव्हतं, की ज्यावर कोणाला आक्षेप घेता यावा. तो विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. दिवसभर फुटक्या, जळक्या, भिजलेल्या वस्तू बघून लोक खरं बोलतायत की नाही ते ठरवतो. घरी आला की मात्र मी जे म्हणेन त्याला "बरोबर आहे बाबा" म्हणतो. मीही त्याला "अहो जावईबापू, बसा ना" म्हणतो. मग आम्ही दोघंही बसतो आणि मुलगी चहा घेऊन येईपर्यंत हवामानावर एकमत करतो. दोन देशांच्या राजदूतांमध्ये असावेत इतके आमचे संबंध चांगले होते.

मी त्याला फोन केला.

"जावईबापू, एक गंमत झालीये," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

"अरे वा. पण बाबा, माझी काय गरज? तुम्हीच वाजवा. सीडीची मजाच वेगळी."

"छे छे. आता लॅपटॉपचाच जमाना आहे."

"लॅपटॉप काय, कोणालाही येतो. सीडीला हात लागतो."

"तेही खरंच म्हणा. तुमचं बरंय, लॅपटॉप सगळं आपलं आपणच वाजवतो."

पलीकडे लॅपटॉपचं झाकण मिटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरोबर आहे बाबा."

आता प्रश्न यंत्राचा होता. घरातल्या सीडी प्लेयरवर एक सीडी लावता येते आणि ती संपली की उठून दुसरी लावता येते. डीजेला दोन लागतात, आणि तेही खास. चौकशी करत करत मी बाजारामागच्या एका दुरुस्तीच्या दुकानात पोचलो. तिथे दोन डीजेचे सीडी प्लेयर आणि एक मिक्सर धूळ खात पडले होते. कोणी गिऱ्हाईक दुरुस्तीला देऊन परत आलंच नव्हतं.

"कुणाचे आहेत?" मी विचारलं.

"एक डीजे होता. त्याने लॅपटॉप घेतला," दुकानदार म्हणाला. हा अपशकुन मी मनावर घेतला नाही.

प्लेयर म्हणजे प्रत्येकी एक चपटा, काळा, जडशीळ डबा. वर बशीएवढं चाक. ते फिरवलं की गाणं पुढेमागे होतं. बाजूला एक सरकपट्टी, तिने गाण्याचा वेग कमीजास्त करायचा. मधल्या मिक्सरने एका गाण्याचा आवाज उतरवायचा आणि दुसऱ्याचा चढवायचा. महिनाभरासाठी हे सगळं भाड्याने मिळालं. मी बायकोला फोन करून सांगितलं की मिक्सर घेऊन येतोय. ती म्हणाली की आपला चांगला चालतोय, आणला तर चटणीचं भांडं मोठं बघा.

लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. जिन्यात मोजमाप भेटले. हाताला काही लावण्याऐवजी त्यांनी खिशातून फीत काढून डबा मोजला आणि सांगितलं की वळणावर तो आडवा जाणार नाही, उभा धरा. उभा धरला. त्यातून एक स्क्रू पडला. तो नेमका कुठला हे मला अजूनही कळलेलं नाही, पण तो मी जपून ठेवला आहे. वर पोचेपर्यंत कमरेत चमक भरली. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. तिने फोनवरच व्यायाम सांगितला आणि म्हणाली, "बाबा, लॅपटॉप दोन बोटांनी उचलता येतो."

"अगं, पण त्यात काय आहे?" मी म्हणालो.

"गाणी आहेत," ती म्हणाली.

बातमी इमारतभर झाली आणि सल्ले सुरू झाले. न्यायाधीश म्हणाले, "सीडी ही मूळ प्रत. लॅपटॉपमधलं सगळं म्हणजे नक्कल. कायदा मूळ प्रतीच्या बाजूने असतो." डॉक्टर म्हणाले, "सीडीला ओरखडा पडला की संपलं. दाताचं आवरण आणि सीडी, एकदा गेलं की पुन्हा येत नाही." मोजमापांनी हॉलच्या फरशीवर उड्या मारून पाहिल्या आणि अहवाल दिला की मधल्या भागात हादरा बसतो, सीडी उडी मारेल, टेबल भिंतीपासून अडीच फुटांवर ठेवा. मी त्यांना विचारलं की लॅपटॉपला हादरा बसत नाही का. ते म्हणाले, "लॅपटॉपला बसतो, पण तो दाखवत नाही." हे वाक्य पुढे बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिलं.

सराव मी संध्याकाळी करायचो. एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा. मोकळ्या कानाने चालू गाणं ऐकायचं, झाकलेल्या कानाने पुढचं. दोन्हींचे ठोके जुळेपर्यंत सरकपट्टी हलवायची. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एका गाडीला एक म्हैस आणि एक घोडा जुंपल्यासारखं होतं. एकाला आवरलं की दुसरं पुढे पळायचं. त्यात बायको मोकळ्या कानाच्या बाजूने काही विचारायची आणि मी झाकलेल्या कानातल्या गाण्याला "हो हो" म्हणायचो. अशा एका 'हो'मुळे तिच्या मावशी आमच्याकडे आठवडाभर राहून गेल्या.

पण एका संध्याकाळी ते जमलं. दोन्ही गाण्यांचे ठोके एकमेकांवर असे बसले, की जणू एकच माणूस चालतोय. मी हळूच पट्टी सरकवली. पहिलं गाणं विरघळत गेलं आणि दुसरं त्याच्याच पावलांवर पाऊल टाकत वर आलं. मी श्वास धरून उभा होतो. बायको ओल्या हातांनी दारात येऊन थांबली.

"आत्ता गाणं बदललं का?" तिने विचारलं.

"हो."

"कळलंच नाही."

माझ्या आजवरच्या आयुष्यात कोणी माझं एवढं मोठं कौतुक केलेलं नाही. त्या क्षणापासून गंमत संपली. मला जिंकायचं होतं.

मध्येच आवाजाच्या परवानगीचं उपटलं. हॉलमध्ये ध्वनिक्षेपक लावायचा तर नगरपालिकेचा कागद लागतो. खिडकीतला कारकून माझ्यापेक्षा तरुण, पण हाताखालचा रबरी शिक्का ज्या पद्धतीने फिरवत होता त्यावरून मुरलेला वाटला.

"वाद्य कोणतं?"

"सीडी प्लेयर. किंवा लॅपटॉप. ते रविवारी ठरेल."

"'किंवा' चालत नाही."

"मग दोन्ही लिहा."

"लॅपटॉप वाद्यांत येत नाही. ते कार्यालयीन साहित्य. त्याला परवानगी लागत नाही."

"मग लॅपटॉपवर वाजवलं तर परवानगी नको?"

"लॅपटॉपला नको. त्याच्या आवाजाला हवी. ती शेजारच्या खिडकीत. आणि तिथले साहेब रजेवर आहेत."

मी स्वतः इतकी वर्षं खिडकीच्या आत बसतो. तरीही मला कबूल केलं पाहिजे की हा घाव सुंदर होता. मी मनातल्या मनात दाद दिली आणि मग आमच्या धंद्यातला एकच उतारा वापरला. म्हणालो, "साहेब, 'सीडी प्लेयर वा तत्सम' असं लिहिलं तर?"

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही कुठल्या खात्यात?"

"पाणीपुरवठा."

"मग आधी सांगायचं," तो म्हणाला आणि शिक्का मारला. अशा रीतीने जावयाचा लॅपटॉप सरकारदरबारी 'तत्सम' झाला. हे मी त्याला सांगितलं नाही, पण घरी येईपर्यंत शीळ घालत आलो.

चाचणीच्या रविवारी सकाळी हॉलमध्ये अर्धी इमारत जमली. पहिल्या रांगेत न्यायाधीश, डॉक्टर आणि मोजमाप. मुलीची दवाखान्यात ड्यूटी होती, त्यामुळे जावई एकटाच आला. काखेत वहीएवढा लॅपटॉप. माझे डबे खाली आणायला चार माणसं लागली होती. त्याने मला वाकून नमस्कार केला. मी त्याला खुर्ची दिली. दोघंही बसलो नाही.

पाहुणा म्हणून पहिली पाळी त्याची. त्याने एक वायर खोचली, दोन बटणं दाबली आणि सुरू केलं. चांगलं वाजवत होता. खोटं कशाला बोलू, फार चांगलं वाजवत होता. गाण्यात गाणं मिसळत होतं, लोकांचे पाय हलायला लागले होते. फक्त बघायला काही नव्हतं. पडद्यात डोकं घालून तो एकटक बघत होता. न्यायाधीश माझ्याकडे झुकून म्हणाले, "हे वाजवतायत की पत्रव्यवहार करतायत?" मला जरा बरं वाटलं.

इतक्यात गाणं थांबलं आणि हॉलभर फोनची घंटा वाजायला लागली. त्याचा फोन लॅपटॉपला जोडलेला होता आणि ती जोडणी तोडायला तो विसरला होता. तो घाईघाईने फोन बंद करायला गेला, पण त्या गडबडीत भलतंच बटण दाबलं गेलं. पुरुषभर उंचीच्या दोन्ही ध्वनिक्षेपकांतून माझ्या मुलीचा आवाज आला.

"हॅलो, सुरू झालं का रे? ऐक, ठरल्याप्रमाणे करायचं हं. दोन-तीन ठिकाणी मुद्दाम चुकायचं आणि बाबांना जिंकू द्यायचं. ते दाखवत नाहीत, पण मनाला फार लावून घेतात. बॅडमिंटनमध्ये त्या भूमापक काकांकडून हरले, तेव्हा रॅकेट माळ्यावर टाकून दिली होती त्यांनी. आईनेही तुला सांगितलंय ना? ऐकतोयस ना? हो म्हण."

हॉल नवा होता, रिकाम्या भिंतींचा. शेवटचे शब्द भिंतींवरून परत आले. हो म्हण. हो म्हण.

जावई लॅपटॉपकडे बघत उभा होता. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "हो," तो म्हणाला. तोही सगळ्यांना ऐकू आला. मग त्याला बटण सापडलं.

मोजमाप छताची उंची बघत होते. बायको पर्समध्ये काहीतरी शोधत होती. ती पर्स फारच खोल असावी. शेवटी न्यायाधीश खाकरले. "हा संवाद सभेने ऐकलेला नाही, असं समजण्यात यावं."

मग माझी पाळी आली.

त्या वेळी मी टेबलापाशी कसा गेलो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की हेडफोन मी बाजूला सारला. माझ्यावर दया करायला निघालेल्या लोकांसमोर मला एक कान झाकून उभं राहायचं नव्हतं. पहिलं गाणं सुरू केलं. दुसऱ्या सीडीचं पाकीट उघडलं, सीडी घातली, आठवडाभर घोटलेल्या जागी सरकपट्टी नेली आणि ऐकून न बघताच मिक्सरची पट्टी सरकवली.

पहिल्या गाण्याच्या ठोक्यावर एका बाईंचा आवाज आला. "पाय जमिनीवर घट्ट रोवा. पोट आत घ्या."

ती बायकोची व्यायामाची सीडी होती. माझ्या पाकिटात ती कशी गेली यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मी वेग वाढवून ठेवल्यामुळे बाई घाईत होत्या. "पोट आत. पोट बाहेर. खांदे मागे. मान वर. हसतमुख राहा." आणि दैवयोग असा, की ठोके जुळले होते. इतके अचूक जुळले होते, की घरी कधी जमले नव्हते.

मी थांबवायचं बटण दाबलं, तर पहिलं गाणंच थांबलं. ते पुन्हा सुरू केलं. तोवर न्यायाधीशांनी पोट आत घेतलं होतं. सवयीचा माणूस, हुकूम आला की पाळायचा. त्यांचं बघून डॉक्टरांनी खांदे मागे नेले. तिसऱ्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मिनिटाभरात अर्धी इमारत एका तालात पोट आतबाहेर करत होती आणि उरलेली हसून खुर्च्यांवरून घरंगळत होती. टाळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, "कल्पकतेला तोड नाही."

मी न केलेल्या गोष्टीबद्दल माझं अभिनंदन होत होतं. आणि ज्या संध्याकाळी मी खरोखर काही केलं होतं, तेव्हा ऐकायला ओल्या हातांची एक बाईच काय ती होती.

न्यायाधीशांनी धापा टाकत निकाल दिला. दोन्ही पक्षांचा पुरावा अपुरा. उद्घाटनाला पहिला अर्धा भाग सीडी, दुसरा लॅपटॉप. लोक ठरवतील.

दुपारी मी जेवलो नाही. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींच्या आड खुर्ची टाकून बसलो. मुलगी दवाखान्यातून आली, आतून रडवेल्या आवाजात बायकोशी बोलली. दोघी दोनदा पडद्यापर्यंत येऊन परत गेल्या. मला राग मुलीचा नव्हता. ती म्हणाली ते खरंच होतं, त्याचाच राग होता. मी मनाला लावून घेतो हे त्यांनी ओळखलं होतं. आणि ते ओळखून त्यांनी सगळ्यांनी मिळून, बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यावी तसा मला विजय द्यायचं ठरवलं होतं.

चादर बाजूला करून जावई आला. स्वतःच खुर्ची आणली होती.

"बाबा, एक सांगायचंय. घरात कोणाला सांगू नका."

मी चादरीवरचा चिमटा काढून पुन्हा लावला.

"मी मुद्दाम चुकणार नव्हतो."

"हो म्हणालात ना. सगळ्यांनी ऐकलं."

"हो म्हटलं. तिला म्हटलं, आईंनाही म्हटलं. काय करणार? पण हरणार नव्हतो. उलट तुम्हाला चांगलंच हरवायचं म्हणून आलो होतो. आठवडाभर ऑफिसातून आलो की तेच करत होतो. तिला वाटत होतं मी कसं चुकायचं याची तयारी करतोय."

मी त्याच्याकडे पाहिलं. दावे तपासणाऱ्या माणसाचा चेहरा. खोटं बोलत नव्हता.

"का?" मी विचारलं.

तो चादरीच्या काठाशी चाळा करत राहिला. "तुम्ही फोनवर म्हणालात, लॅपटॉप सगळं आपलं आपणच वाजवतो. ते मला फार लागलं. किती मेहनत असते माहितीये? राग आला होता मला तुमचा."

"राग आला होता तर बोलला का नाहीस?"

'नाहीस' म्हटलं हे माझ्या तोंडून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याच्याही आलं असावं. तो खुर्चीत जरा मागे सरकून बसला.

"तुम्हाला कसं बोलणार?" तो म्हणाला. "तुम्ही खुर्ची देता."

दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या घरात कोणीतरी मला हरवण्याच्या लायकीचा समजलं होतं. मला एकदम भूक लागली. मी उठून आत गेलो आणि ताट वाढायला सांगितलं. माझा रुसवा कशाने गेला ते बायकोला आजतागायत कळलेलं नाही. तिला वाटतं चादरींची सावली चांगली होती.

उद्घाटनाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. पहिला अर्धा भाग मी वाजवला, हेडफोन लावून, प्रत्येक सीडी दोनदा तपासून. दोन जोड बेमालूम बसले. एका ठिकाणी डॉक्टर मधल्या फरशीवर नाचायला आले आणि सीडीने मोजमापांच्या अहवालाप्रमाणे उडी मारली. माझ्या वयाचे लोक खुर्चीत बसून माना डोलवत होते. काहींनी डोळे मिटले होते. ते गाण्यामुळे, असं मी धरून चालतो.

मग जावयाने लॅपटॉप उघडला. फोन या वेळी त्याने मोजमापांच्या ताब्यात दिला होता. तिसऱ्या गाण्याला खुर्च्या भिंतीला लागल्या. चौथ्याला, वाचनालयात खोकणाऱ्यालाही बाहेर काढणारी माझी बायको मुलीबरोबर नाचायला गेली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर न्यायाधीश दोन्ही हात वर करून उभे होते, शरण आल्यासारखे. निकाल द्यायची गरज कोणालाच वाटली नाही. मी हरलो होतो, आणि त्यात कोणाची मेहरबानी नव्हती.

लोक पांगल्यावर आम्ही वायरी गुंडाळायला बसलो.

"छान वाजवलंस," मी म्हणालो.

"तुम्हीही. फक्त तिसरं गाणं उशिरा आलं. अर्धा ठोका."

"उशिरा नाही आलं."

"आलं बाबा. मी मोजलं."

"तू नाही मोजलंस, तुझ्या डब्याने मोजलं. माणसाने वाजवलेलं ऐकायची सवय गेलीये तुझ्या कानांची."

"सवयीचा काय संबंध? अर्धा ठोका म्हणजे अर्धा ठोका. आणि माझ्या वेळेला तुम्ही मागे येऊन वायर का हलवत होतात?"

"हलवत नव्हतो. ती कुठे जाते ते बघत होतो."

"दोनदा खरखर झाली त्यामुळे."

"ती तुझ्या गाण्यातच होती. मला वाटलं तसंच असतं ते."

आवाज चढले. मुलगी धावत आली. "काय झालं? का भांडताय?" तिच्या मागून बायको आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, जावई आहेत ते."

"तू मध्ये पडू नकोस," मी म्हणालो.

"आई, थांबा तुम्ही जरा," तोही त्याच सुरात म्हणाला. "यांना आज एकदा नीट सांगूच द्या."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग निमूटपणे खुर्च्या एकावर एक रचायला लागल्या. पहारेकऱ्याने दिवे मालवले तरी आमचं चालूच होतं. एक प्लेयर दोघांनी मिळून उचलला. जिन्याच्या वळणावर तो मला म्हणाला की मी तो उलट्या बाजूने धरलाय. धरला होता. पण मी ते मान्य केलं नाही.